अलार्म वाजला की बंद पडला? ‘गो ऑफ’विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कळंगूट येथील एका हॉटेलात हाउसकीपिंगचे काम करतो. माझे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले आणि बोलण्यापुरते इंग्रजी मी बहुतेक कामावरच शिकलो. आमच्या प्रत्येक मजल्यावर आग लागल्यास काय करावे याची एक सूचना लावलेली आहे. तिची सुरुवात ‘इफ द फायर अलार्म गोज ऑफ’ अशी आहे. मध्यंतरी या सूचनेप्रमाणे सराव झाला, तेव्हा नव्याने लागलेला एक सहकारी घंटा वाजत असताना जागचा हलला नाही आणि घंटा थांबल्यावर मात्र जिन्याकडे धावला. ‘ऑफ’ म्हणजे बंद, तेव्हा अलार्म बंद झाला की निघायचे, असे त्याचे म्हणणे होते. सुपरवायझरनी त्याला सर्वांसमोर फटकारले, पण मला त्याचे म्हणणे अगदीच खोटे वाटत नाही. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो, तर अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो, हे कसे? किचनमध्ये मासे ‘गॉन ऑफ’ झाल्याचेही ऐकू येते. या एका क्रियापदाचे अर्थ तरी किती, आणि ते लक्षात कसे ठेवावेत?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : आपल्या सहकाऱ्याने सूचना वाचली, तिचा शब्दशः अर्थ लावला आणि त्याप्रमाणे तो वागला. फटकारायचेच होते, तर ते सूचना लिहिणाऱ्याला फटकारायला हवे होते. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे त्याला या वाक्यात काही अडचण आहे हे सुचतच नाही. इंग्रजी नंतर शिकणाऱ्याच्या मनात मात्र पंखा, दिवा आणि टीव्ही यांच्या बटणांनी ‘ऑफ म्हणजे बंद’ हे समीकरण आधीच पक्के करून ठेवलेले असते, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरही ठरत असल्यामुळे ते तपासून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

ही अडचण आजची नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे, की क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून त्याचा अर्थ पालटण्याची ही पद्धत परकीयांना सर्वांत जास्त अडचणीत टाकते, आणि यातील काही प्रयोग मूळ शब्दांच्या अर्थापासून इतके लांब गेले आहेत, की ते तेथवर कसे पोहोचले याचा माग कितीही हुशार माणसाला काढता येणार नाही. त्यांनी तेथे दिलेल्या उदाहरणांत ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘सेट ऑफ’ आणि ‘टेक ऑफ’ अशी ‘ऑफ’चीच गर्दी आहे. त्यांतील ‘टेक ऑफ’चा अर्थ त्यांनी ‘नक्कल करणे’ असा दिला आहे. दाबोळी आणि मोपा अशा दोन विमानतळांच्या मध्ये राहणाऱ्या आजच्या गोमंतकीयाला त्या शब्दाचा वेगळाच अर्थ प्रथम आठवेल, यात नवल नाही.

जॉन्सन यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला असे वाटते, की ‘गो ऑफ’पुरता तरी हा माग काढता येतो आणि तो काढण्यासाठी मराठी माणसाला घरचेच साधन उपलब्ध आहे. आधी ‘ऑफ’चा मूळ अर्थ पाहू. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे आज वेगळे लिहिले जाणारे दोन शब्द मुळात एकच होते. त्याचे जोर देऊन उच्चारलेले रूप ‘ऑफ’ म्हणून वेगळे झाले आणि ‘पासून दूर’ हा जुना अर्थ त्याच्याकडे राहिला. ‘बंद’ हा या ‘दूर’चाच पुढचा अवतार आहे : जेथून पुरवठा होत होता त्यापासून वस्तू तुटली, म्हणून ती बंद पडली. तेव्हा ‘ऑफ’ म्हणजे प्रथम ‘सुटलेले’ आणि मग, काही वस्तूंच्या बाबतीत, ‘बंद’.

बंदुकीच्या संदर्भात ‘गो ऑफ’ हा प्रयोग सोळाव्या शतकापासूनचा आहे. जुन्या बंदुकीचा घोडा मागे ओढून अडकवलेला असे. चाप दाबला की अडकण सुटे, घोडा पुढे आपटे आणि बार उडे. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात तोफा उडाल्याची रंगसूचना आहे, तिच्यात हेच क्रियापद वापरलेले आहे. (रंगभूमीवरच्या अशा तोफा नेहमी निरुपद्रवी ठरत असे नाही. २९ जून १६१३ रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘आठवा हेन्री’चा प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेमुळे गवती छपराने पेट घेतला आणि सगळे नाट्यगृह जळाले.)

आता चावीचे गजराचे घड्याळ डोळ्यांपुढे आणावे. घड्याळाच्या मागे दोन चाव्या असत, एक वेळेची आणि एक गजराची. गजराची चावी पिळली की तिची स्प्रिंग आवळली जाई आणि एका लहानशा खिळीने ती अडवून धरलेली असे. ठरलेल्या वेळी काटा त्या जागी आला की खीळ बाजूला सरकत असे, स्प्रिंग सुटत असे आणि हातोडी घंटेवर थडाथडा आपटू लागे. बंदुकीच्या घोड्यात आणि या हातोडीत तत्त्वतः काही फरक नाही. दोन्ही ठिकाणी जोर आधी भरून ठेवलेला आहे, तो अडवलेला आहे आणि अडथळा दूर होताच तो मोकळा होतो. आपल्या हॉटेलच्या छताला लावलेल्या धूरसूचक यंत्रात आता स्प्रिंग नाही आणि खीळही नाही, पण भाषेने यंत्र बदलले म्हणून क्रियापद बदललेले नाही.

मी घरचे साधन म्हटले ते ‘सुटणे’ हे मराठी क्रियापद. बंदुकीतून गोळी सुटते, मडगावहून गाडी सुटते, दुपारी शाळा सुटते, पावसाआधी वारा सुटतो, तव्यावरच्या इसवणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटते. वारा सुटला म्हणजे तो वाहू लागला आणि शाळा सुटली म्हणजे ती संपली. एकाच क्रियापदाने एकीकडे आरंभ आणि दुसरीकडे शेवट सांगितला जातो, तरी आपल्यापैकी कोणाला त्यात विसंगती जाणवत नाही. कारण दोन्हीकडे धरून ठेवलेले काहीतरी मोकळे झाले, एवढेच आपण ऐकतो. मोकळे झाल्यावर पुढे काही सुरू होणार की चाललेले थांबणार, हे ती वस्तू कोणती आहे त्यावर ठरते आणि ते आपल्याला वस्तूच्या ओळखीनेच कळते.

‘गो ऑफ’लाही नेमका हाच नियम लावावा. बंदूक, बॉम्ब, फटाका, उंदराचा सापळा आणि गजर या अडवून ठेवलेल्या जोराच्या वस्तू आहेत. त्या सुटल्या की उडतात किंवा वाजतात. दिवा, पंखा, गीझर या सतत पुरवठ्यावर चालणाऱ्या वस्तू आहेत. त्या पुरवठ्यापासून सुटल्या की थांबतात. जून महिन्यात वाऱ्यापावसाने वीज जाते आणि त्याच क्षणी एखाद्या बंद दुकानाचा चोरघंटेचा आवाज गल्लीभर सुरू होतो, तेव्हा इंग्रज माणूस ‘द लाइट्स वेंट ऑफ अँड द अलार्म वेंट ऑफ’ असे सहज म्हणून जाईल. पहिल्या अर्ध्यात दिवे गेले, दुसऱ्या अर्ध्यात घंटा वाजू लागली. त्यानंतर दुकानदार येऊन ती घंटा बंद करतो, त्याला ‘ही टर्न्ड इट ऑफ’ असे म्हणतात. म्हणजे अलार्म आधी ‘ऑफ’ गेला म्हणून वाजला आणि मग ‘ऑफ’ केला म्हणून थांबला. आपल्या सहकाऱ्याला हे वाक्य अवश्य ऐकवावे. निदान गोंधळात आपण एकटे नव्हतो, याचे त्याला समाधान वाटेल.

किचनमधल्या माशांकडे वळू. मासे, मटण, कोळंबी, दूध खराब झाले म्हणजे ते ‘गॉन ऑफ’ झाले असे म्हणण्याची रीत मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकन पाहुणा त्याऐवजी ‘गॉन बॅड’ किंवा ‘स्पॉइल्ड’ म्हणेल. येथे पदार्थ आपल्या चांगल्या स्थितीपासून दूर गेला, असा अर्थ धरावा. मात्र हा शब्द सर्व खाद्यपदार्थांना सरसकट लावता येत नाही. कालचा पाव कडक झाला तर तो ‘स्टेल’ होतो, ‘ऑफ’ नव्हे. खोबरेल तेल खवट झाले तर त्याला ‘रॅन्सिड’ हा वेगळा शब्द आहे. मराठी या बाबतीत अधिक काटेकोर आहे, असे माझे मत आहे. दूध नासते, भात आंबतो, भाजी विटते, आणि यांपैकी एकाचे क्रियापद दुसऱ्याला लावले तर ऐकणाऱ्याला लगेच खटकते.

आपल्या कामाच्या ठिकाणी यापेक्षाही जास्त घोटाळा करणारा एक प्रयोग आहे. ‘गो’ काढून नुसते ‘इज ऑफ’ म्हटले, तर ब्रिटिश माणसाच्या बोलण्यात त्याचे दोन अर्थ होतात : पदार्थ खराब झाला आहे, किंवा तो आज मिळणार नाही, संपला आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते आणि तेव्हा मेनूकार्डावरचे निम्मे मासे मिळत नाहीत. अशा वेळी वेटरने ‘द किंगफिश इज ऑफ’ असे सांगितले, तर लंडनचा पाहुणा दुसरे काहीतरी मागवील; पण हा प्रयोग ठाऊक नसलेला पाहुणा, या हॉटेलात कुजलेले इसवण ठेवले आहे असे समजून उठून जाण्याची शक्यता आहे. तेथे ‘नॉट अव्हेलेबल टुडे’ एवढे साधे सांगणे उत्तम.

खाण्यावरून मनावर येणे मराठीला नवीन नाही. अन्न विटते तसे मनही विटते. इंग्रजीतही ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे पूर्वी कॉफी आवडत असे, आता तिच्यावरून मन उडाले. हाही प्रयोग ब्रिटिश आहे आणि तो माणसांनाही लागतो. ‘शी हॅज गॉन ऑफ हिम’ या वाक्यात भांडण नाही, ताटातूट नाही, फक्त पूर्वीची ओढ राहिलेली नाही. याचे भाषांतर ‘ती त्याच्यापासून निघून गेली’ असे केलेले मी पाहिले आहे आणि त्यामुळे एका सरळ गोष्टीचे कथानकच पालटले होते.

निघून जाण्याचा अर्थ आहे, पण तो वेगळ्या रचनेत येतो. ‘ही वेंट ऑफ टू बेळगाव’ म्हणजे तो बेळगावला निघून गेला. ‘समवन हॅज गॉन ऑफ विथ माय अम्ब्रेला’ म्हणजे कोणीतरी माझी छत्री उचलून नेली. ‘विथ’च्या पुढे छत्रीऐवजी माणूस आला, तर बहुधा पळून जाऊन संसार थाटण्याचा विषय असतो. नट रंगमंचावरून आत जातो तेही ‘गो ऑफ’, आणि तान्हे मूल हळूहळू झोपी जाते तेही ‘गो ऑफ’. ‘मॅकबेथ’च्या अखेरीस लढाईनंतर वृद्ध सिवर्ड म्हणतो, की काहींना ‘गो ऑफ’ व्हावेच लागते. तेथे त्याचा अर्थ मरणे असा आहे. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांविषयी बोलताना ‘ते गेले’ एवढेच म्हणतात.

आता आपल्या मजल्यावरच्या सूचनेविषयी. ‘इफ द फायर अलार्म गोज ऑफ’ हे इंग्रजी म्हणून निर्दोष आहे आणि तरीही त्या जागी ते नको. जेथे कर्नाटकातून, ओडिशातून, ईशान्येकडून आणि आपल्याच सत्तरीतून आलेली माणसे एकत्र काम करतात, तेथे ‘व्हेन यू हिअर द फायर अलार्म’ किंवा ‘व्हेन द अलार्म रिंग्ज’ असे लिहावे. खाली मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड या भाषांत ‘घंटा वाजू लागताच जिन्याने बाहेर पडा’ एवढी एकेक ओळ असावी. व्यवस्थापनाला हे सुचवताना सरावाच्या वेळी घडलेला प्रसंग सांगावा. त्याहून चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही.

प्रश्न : आम्हाला वर्गात असे शिकवले, की अशा जोड क्रियापदांत कर्म मध्ये ठेवता येते, जसे ‘पुट द मीटिंग ऑफ’. मी निबंधात ‘आय वेंट टी ऑफ’ असे लिहिले, त्याला लाल रेघ आली. नियम एकच असताना माझे वाक्य का चुकले?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नियम एकच नाही, ही खरी गोष्ट आहे. ‘पुट ऑफ’मध्ये आपण एखादी गोष्ट पुढे ढकलतो, ती गोष्ट ‘पुट’ या क्रियेचे कर्म आहे, म्हणून ती क्रियापद आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये बसू शकते. ‘गो’ हे अकर्मक क्रियापद आहे. ‘आय वेंट ऑफ टी’ या वाक्यात चहाला आपण काही करत नाही, आपलेच मन चहापासून दूर जाते. येथे ‘ऑफ’ आणि ‘टी’ यांची जोडी आहे आणि ती तोडता येत नाही. सर्वनाम आले तरी ‘आय वेंट ऑफ इट’ असेच राहील. उलट ‘पुट ऑफ’मध्ये सर्वनाम आले, तर ते मध्येच यावे लागते : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ असे लिहिले तर तेथेही लाल रेघ येईल.

या निमित्ताने एक उपयोगी जोडी सांगतो. अलार्म आपण होऊन वाजला तर ‘गो ऑफ’, पण कोणीतरी किंवा कशाने तरी तो वाजवला तर ‘सेट ऑफ’. ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म’, ‘द स्मोक सेट द अलार्म ऑफ’ आणि ‘द स्मोक सेट इट ऑफ’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. मराठीत सुटणे आणि सोडणे, उडणे आणि उडवणे यांच्यात जे नाते आहे, तेच येथे आहे. चतुर्थीच्या दिवसांत मुले फटाके उडवतात, म्हणजे ती फटाके ‘सेट ऑफ’ करतात, आणि फटाके मग ‘गो ऑफ’ होतात. ‘द बॉइज वेंट ऑफ द क्रॅकर्स’ असे मात्र लिहू नये. तसे लिहिले तर मुलांना फटाक्यांचा कंटाळा आला, असा त्याचा अर्थ होईल.

प्रश्न : अमेरिकेत नोकरी करणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, की तिचा साहेब तिच्यावर ‘वेंट ऑफ’ झाला. मी घाबरलो. पुढे काही दिवसांनी तिच्या एका मैत्रिणीने तिच्या नाचाच्या चित्रफितीखाली ‘गो ऑफ’ असे लिहिलेले दिसले. ही मैत्रीण तिला निघून जायला सांगत होती काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : साहेब रागावला होता, इतकेच. ‘गो ऑफ ऑन समवन’ म्हणजे एखाद्यावर एकदम भडकून बोलणे, आणि हा प्रयोग अमेरिकन आहे. बंदुकीचा बार उडतो तसा माणूस उडाला, असे समजावे. चित्रफितीखालची मैत्रीण मात्र कौतुक करत होती. तरुण मंडळींच्या आजच्या बोलीत ‘गो ऑफ’ म्हणजे ‘होऊन जाऊ दे’, कशाचीही भीड न ठेवता नाच. हा अर्थ अगदी अलीकडचा असल्यामुळे जुन्या कोशांत तो सापडणार नाही.

प्रश्न : निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी वृत्तपत्रात ‘पोलिंग वेंट ऑफ पीसफुली’ असे छापून आले होते. आमच्या शेजारच्या आजोबांनी ते वाचून मतदान शांततेत रद्द झाल्याचे सगळ्यांना सांगितले. मतदान तर त्यांनी स्वतःच केले होते! या बातमीचा नेमका अर्थ काय?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : मतदान शांततेत पार पडले, असा त्याचा अर्थ आहे. समारंभ, सभा, लग्न, परीक्षा, जत्रा असा एखादा ठरवलेला कार्यक्रम कसा झाला हे सांगताना ‘गो ऑफ’ वापरतात आणि त्याच्यामागे ‘वेल’, ‘स्मूदली’, ‘पीसफुली’ असे एखादे क्रियाविशेषण जवळजवळ अनिवार्य असते. आजोबांच्या मनात ‘कॉल ऑफ’ असणार. ‘पोलिंग वॉज कॉल्ड ऑफ’ असते, तर मतदान रद्द झाले असा अर्थ झाला असता. दोहोंत फरक ओळखायची एक खूण आहे : रद्द होण्याच्या वाक्यात बहुधा ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ असते, कारण रद्द करणारा कोणीतरी वेगळा असतो, तर पार पडण्याच्या वाक्यात नुसते ‘वेंट’ असते. बातमीत ‘वॉज पुट ऑफ’ दिसले, तर मतदान रद्द न होता पुढे ढकलले गेले आहे, आणि मग आजोबांनी नवी तारीख शोधण्यासाठी तीच बातमी शेवटपर्यंत वाचावी.